निळी साय

‘‘उकळी आली काय?’’

आमच्या परसातल्या खोलीत राहणारे डॉक्टर सकाळी दाराची कडी काढायचे आणि पहिला प्रश्न हा विचारायचे. पाऊस पडो, घरात पाहुणे असोत, श्राद्धाचा स्वयंपाक चाललेला असो, त्यांना दुधाच्या उकळीची चौकशी आधी. आई चुलीपुढूनच सांगायची, आली. मग पुढचा प्रश्न, किती? आई म्हणायची, एक आली, पुरे. त्यावर ते मान हलवायचे, हाताची तीन बोटं वर करायचे आणि सायकल काढून निघून जायचे. आमच्या गल्लीत त्यांची नक्कल सगळ्यांना यायची. मीही छान करायची. पुढे त्या तीन बोटांच्या माणसाने माझा जीव वाचवला, तेव्हापासून मला ती नक्कल जमेनाशी झाली.

आमचं घर बेंगळुरात, चिकपेटेच्या मागच्या गल्लीत. तेव्हा राज्याचं नावही मैसूर होतं, आणि आज जिथे इंदिरानगर म्हणून मोठाले बंगले आणि दुकानं उभी आहेत तिथे गुरं चरायची, असं सांगितलं तर माझी नातवंडं हसतात. पुढच्या बाजूला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिवणकामाचं दुकान, मध्ये आम्ही, आणि मागे परसात आमची तुंगा गाय. तिच्या गोठ्याला लागून एक खोली होती. माणसं ती खोली बघायची, शेणाचा वास घ्यायची आणि परत जायची. हे गृहस्थ आले ते आधी गोठ्यात शिरले. चप्पल बाहेर काढून शिरले, देवळात शिरावं तसे. तुंगेच्या गळ्याखाली खाजवलं, तिच्याशी कानडीत काहीतरी बोलले आणि मग अण्णांना म्हणाले, खोली बघायची गरज नाही, शेजार चांगला आहे.

ते बेळगावकडचे. सरकारी नोकरीत गुरांचे डॉक्टर. पेटेतले लोक त्यांना ‘दनद डॉक्टर’ म्हणायचे, म्हणजे गुरांचा डॉक्टरच, पण म्हणायच्या ढंगात थोडी टिंगल असायची. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो, ते मला तंगी, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. त्यांना माणसं लक्षात राहत नसत, गाई राहत. चार वर्षं आमच्या घरात राहून माझ्या चुलत्यांना ते दर वेळी नव्याने नमस्कार करायचे. पण चुलत्यांनी सांगितलं, आमच्याकडे पूर्वी एक शिंगमोडकी कपिली होती, की लगेच, अहो मग तुम्ही कपिलीच्या घरचे, असं म्हणून त्यांना मिठीच मारायचे. पत्ताही तसाच सांगायचे. गंगीच्या घरावरून पुढे जा, काळ्या लक्ष्मीपाशी उजवीकडे वळा. पोस्टमनला ते बरोबर समजायचं, याचं मला अजून नवल वाटतं.

कॉफी प्यायचे ती काळी. बेंगळुरात काळी कॉफी पिणारा माणूस म्हणजे आजारी तरी किंवा कंजूष तरी, असं आईचं मत. आणि शर्ट. दिवसाला तीन शर्ट लागायचे त्यांना. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, आणि दिवेलागणीला पुन्हा बदललेला. दोरीवर कायम त्यांचेच शर्ट. आईने एकदा विचारलंच, भाऊजी, लग्न का नाही केलंत. तर म्हणाले, ‘‘वैनी, मला धुणंच फार असतं की. त्या बाईनं काय पाप केलंय?’’ आई हसून हसून दमली. मीही हसले. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं ते.

त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. तिच्यात गाईंची नावं. कुणाची गाय, किती वेळा व्याली, कधी गाभ टाकला, कुठून आणली, कुणाला दिली. माणसांचं नाव त्या वहीत येत नसे, मालकाचंसुद्धा नाही. गाय घरंदाज असली तर घराची ओळख तिच्यावरूनच पटते, असं ते म्हणायचे. ही वही कशासाठी, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

त्यांच्या कचेरीतले साहेब म्हणत, गाईंचा गाभ पाडणारा एक रोग आहे, नाही असं नाही, पण तो सरकारी मोठ्या गोठ्यांत, विलायती जातींत. घरोघर बांधलेल्या, परंपरेने पाळलेल्या आपल्या देशी गाईंना तो कुठला. मामा म्हणायचे, तुम्ही बघितलंय काय? साहेबांनी बघितलेलं नव्हतं. कुणीच बघितलेलं नव्हतं. तेव्हा हा माणूस नोकरीची वेळ संपली की स्वतःच्या सायकलवरून बघायला निघाला. किती गोठ्यांत आहे, किती गाईंत आहे, एवढंच त्यांना हवं होतं. किती, हा एक शब्द त्यांनी वर्षानुवर्षं सायकलच्या दांडीला बांधून फिरवला.

आईने विणलेल्या लोकरीच्या पिशवीत काचेच्या बारीक नळ्या आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन ते गोठ्यागोठ्यात जायचे. प्रत्येक गाईचं थोडं कच्चं दूध नळीत घ्यायचे, त्यात औषधाचा थेंब टाकायचे. पुढे तासभर त्या नळ्या अंगाच्या उबेत आणि न हलवता ठेवाव्या लागत. म्हणून शर्टाच्या आत छातीशी एक कापडी पट्टा शिवून घेतला होता, काडतुसांच्या पट्ट्यासारखा. अण्णांनीच शिवून दिला. त्यात नळ्या उभ्या करून मामा झाडाखाली मांडी घालून बसायचे. तासभर हलायचे नाहीत. माशी बसली तरी नाही. येणारेजाणारे त्यांना ध्यानस्थ समजून नमस्कार करायचे. अण्णा म्हणाले, डॉक्टर, अंडी उबवताय की काय. तर म्हणाले, माझ्या अंगात ऊब जरा जास्तच आहे, वाया कशाला घालवू.

आता वडाच्या झाडाची गोष्ट सांगते. आमच्याकडे गाय व्याली की तिची वार, म्हणजे वासरामागून पडते ती, गोणपाटात बांधून वडाला टांगायची पद्धत होती. वडाला चीक असतो, तसं गाईला दूध सुटतं, म्हणून. गाभ टाकला तरी टांगायचे. उलट जास्त भक्तिभावाने टांगायचे. गल्लीतल्या गाई रोज सकाळी गोळा करून चरायला नेणारा मुनियप्पा नावाचा गुराखी होता, साठीचा, मिशाळ आणि रागीट. तो सगळ्या गाई तळ्याकाठी न्यायचा आणि दुपारी त्याच वडाखाली बसवायचा. वर पिशव्या लोंबताहेत, कुत्री त्या ओढताहेत, खाली ठिबकतंय, आणि तेच गवत गाई खाताहेत. हे सगळे बघत होते, पण दिसलं एकट्या मामांना.

एके सकाळी मुनियप्पा गाई घेऊन पोचला, तर गुरांचे डॉक्टर वडावर. धोतराचा काचा मारलेला, हातात आकडी, पिशव्या एकेक खाली घेताहेत. करणी करायला वार चोरतात असं वाटून मुनियप्पाने काठी उगारली आणि म्हणाला, डाक्टरे, स्वल्प खाली या. मामा खाली आले नाहीत. फांदीवर बसूनच त्यांनी विचारलं, या झाडाखाली तुझ्या किती गाई बसतात? मुनियप्पाने सांगितलं. यातल्या किती गाभडल्या? मुनियप्पा बोटं मोजायला लागला. एका हाताची संपली, दुसऱ्या हातावर आला, आणि मध्येच थांबला. दर वेळी ज्याच्या त्याच्या घरी जाऊन त्याने दृष्टच लागली म्हणून सांगितलं होतं. सगळ्या एका हातावर त्याने पहिल्यांदाच मोजल्या.

मामांनी त्याला पद्धत मोडायला सांगितलं नाही, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं वाटतं. वार चुना घालून खोल पुरायची, हाताला फडकं गुंडाळून, आणि पिशवी टांगायचीच, फक्त आत ओलं गवत भरायचं, असा त्यांच्यात तह झाला. मुनियप्पाने शंका काढली, झाडाला कळलं तर? मामा म्हणाले, झाड पिशव्या मोजतं, सोडून बघत नाही. गाईंचं दूध काही आटलं नाही. मग बाकीचे गवळीही ओलं गवत टांगू लागले. त्या वडावर पुढे कितीतरी वर्षं नुसत्या गवताच्या पिशव्या होत्या.

आता माझं.

मी सतरा वर्षांची होते. अंगाने काडी. म्हणून आई मला रोज सकाळी धार काढता काढता पेलाभर दूध द्यायची, तसंच, फेसासकट. धारोष्ण. हा शब्द आई असा म्हणायची की ऐकूनच अंगाला लागावं. उकळलं की दुधातला जीव जातो, असं तिचं ठाम मत होतं. घरच्यांसाठी एक उकळी, आणि लेकीसाठी तीही नाही. मामा सकाळी तीन बोटं वर करायचे तेव्हा मी पेला पदराआड धरून उभी असायची.

त्याच्या आदल्या वर्षी तुंगेने गाभ टाकला होता. मामा दूध तपासू म्हणाले, तर आईने दृष्टच म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या. पुढच्या वेळी ती नीट व्याली, गोंडस कालवड झाली, दूध भरपूर. दृष्ट उतरली म्हणून आईने पेढे वाटले.

आणि मला ताप यायला लागला. रोज संध्याकाळी चढायचा, पहाटे घाम फुटून उतरायचा. आठ-दहा दिवस यायचा, मग जायचा, बरं वाटायला लागलं की पुन्हा. कंबर धरायची, गुडघे धरायचे, जिना चढवेना. मलेरियाची गोळी झाली, टायफॉइडचं पथ्य झालं. चार महिने गेले. मी जितकी खंगत गेले तितकं आईने दूध वाढवलं. पेल्याचा तांब्या झाला. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेतलं. फोटोत फारसं दिसत नाही, पण लक्षणं छातीचीच, क्षयाची आहेत, सॅनिटोरियममध्ये पाठवा. माझी आतेबहीण दोन वर्षांपूर्वी तशीच गेली होती. तिची ट्रंक तेवढी परत आली होती. अण्णांनी त्या दिवशी माझ्यासाठी ट्रंक झाडून काढली, ती मी पडल्या पडल्या पाहिली.

मामा या सगळ्या काळात दूरच्या दौऱ्यावर होते ते त्याच दिवशी परतले. आई माझी उशी उन्हात टाकायला घेऊन चालली होती. मामांनी तिला थांबवलं, उशी हातात घेतली आणि नाकाला लावली. परक्या पुरुषाने असं करावं, आई घाबरलीच. बराच वेळ त्यांनी उशी खाली ठेवली नाही. मग आत आले आणि मला विचारलं, ‘‘तंगी, दूध कसलं पितेस?’’

मी आईकडे पाहिलं. आईने मोठ्या अभिमानाने सांगितलं, धारोष्ण.

मामांनी उशी आईच्या हातात परत दिली. म्हणाले, वैनी, तुंगेचं दूध तपासू. आई चिडली. माझ्या गाईचं दूध, माझ्या हातचं, त्यात काय खोट असणार. तेव्हा मामा म्हणाले, मी हातही लावत नाही, सगळं तुम्हीच करा. आणि शेजारच्या पद्मक्कांच्या गंगीचंही दूध मागवा, दोन्ही शेजारी ठेवू. हे मात्र आईला पटलं. पद्मक्का दुधात पाणी घालते असा तिला फार वर्षांचा संशय होता.

आईनेच दोन्ही नळ्या भरल्या. एकीला तांबडा दोरा, तुंगेच्या. एकीला पांढरा, गंगीच्या. निळा थेंब दोहोंत टाकला, हलवल्या, दूध फिकट निळं झालं. कोमट पाण्याच्या पेल्यात त्या उभ्या केल्या आणि आम्ही तिघं माझ्या अंथरुणाजवळ बसलो. मामांनी सांगितलं, या औषधात गाभ पाडणाऱ्या त्या रोगाचे मेलेले जंतू रंगवून ठेवलेत. गाईच्या अंगाने तो जंतू पूर्वी पाहिला असला तर तिचं दूध त्याला ओळखतं, पकडतं. पकडलं की कुठे नेतं ते बघा. बाकी काही सांगितलं नाही.

तासाने आईने नळ्या उजेडात धरल्या. गंगीच्या नळीत दूध निळसरच राहिलं होतं, वर सायीचा पांढरा पट्टा. तुंगेच्या नळीत दूध पुन्हा पांढरंशुभ्र झालं होतं, निळ्याचा मागमूस नाही. तो सगळा वर चढून सायीत बसला होता. वरच्या बाजूला गडद निळं कडं, बोटातल्या अंगठीएवढं, इतकं रेखीव की मी ताप विसरून बघत राहिले. आयुष्यात पुष्कळ सुंदर वस्तू पाहिल्या. तसं निळं पुन्हा पाहिलं नाही.

आईचा चेहरा उजळला. निळसर दूध म्हणजे पाण्याचं, पांढरंशुभ्र म्हणजे निखळ, हे ती लहानपणापासून शिकलेली. म्हणाली, ‘‘बघा, मी सांगत नव्हते? पद्मक्काचं निळं पडलं. माझ्या तुंगेचं कसं शुभ्र आहे.’’

मामांनी मान खाली घातली. त्यांना बोलायला किती जड गेलं ते मला दिसत होतं. ‘‘वैनी,’’ ते म्हणाले, ‘‘शुभ्र झालं तेच दुखणं आहे. साय बघा.’’

आईने पाहिलं. मग तिने कोपऱ्यातल्या माझ्या रिकाम्या पेल्याकडे पाहिलं. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. नळी हळूच ठेवली आणि ती गोठ्यात जाऊन बसली. मला वाटलं, गाईला हाकलणार. पाहते तर तुंगेच्या मानेला मिठी मारून रडत होती, आणि तुंगा तिचा पदर चाटत होती.

आमच्या डॉक्टरांना गळ घालून मामांनी माझं रक्त काढवलं आणि स्वतः प्रयोगशाळेत घेऊन गेले. संध्याकाळी आले ते वही उघडूनच. त्या दिवशीच्या पानावर तुंगा, गंगी, काळी लक्ष्मी, आणि त्यांच्यामध्ये माझं नाव. माणसाचं नाव त्या वहीत मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझं होतं. पुढे तुंगेसारखीच निळी खूण. अण्णांना म्हणाले, छाती नाही, ट्रंक वर ठेवा. मोठ्या दवाखान्यातून सुया आल्या, पिवळ्या कॅप्सूल आल्या. दीड-दोन महिने लागले. एका संध्याकाळी ताप चढायची वेळ झाली आणि टळली, तेव्हा घरात कुणी बोलेना, बोललं तर परत येईल म्हणून.

तुंगेचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. अण्णा म्हणाले, जत्रेत विकू. सगळे तेच करत. मामा तेव्हा एकदाच कठोर झालेले मी पाहिले. वही उलटून त्यांनी दाखवलं: ही गाभडली, हिला विकलं, त्या घरी गेली, तिथे दुसरी गाभडली, तीही विकली. एकेका गोठ्यात एखादीच, पण गोठे मोजायला गेलं तर संपत नाहीत. थोडा थोडा, पण घरोघर आहे, आणि तो स्वतःच्या पायांनी जात नाही, आपण दोरी धरून नेतो. तुंगा मग आमच्याकडेच म्हातारी झाली. मुनियप्पाच्या कळपात तिला पुन्हा सोडलं नाही, आणि तिचं दूध तीन उकळ्यांशिवाय उंबऱ्यात आलं नाही. तिसरी उकळी आली की आई परसाकडे बघून बोटं वर करायची. विचारायची वेळच येऊ दिली नाही तिने.

साहेबांनी ती वही वाचली की नाही, मला ठाऊक नाही. मामा पुन्हा सायकल काढून निघायचे एवढं दिसायचं.

मी बरी झाल्यावर वर्षभराने मामांची मनगटं सुजली. बादली उचलेना. आई मला म्हणाली, जा, त्यांचं धुणं घेऊन ये, आपल्यात धुऊन टाकू. खोलीत खुंटीवर तीन शर्ट. पहिल्याला फिनेलचा वास. दुसऱ्याला औषधाचा. तिसरा, दिवेलागणीनंतरचा, मी उचलला आणि तिथेच उभी राहिले. ओल्या गवताचा वास. भिजून पडलेल्या वैरणीचा. चार महिने माझ्या उशीला यायचा तो.

माझ्या पाठीमागे मामा खाटेवर बसले होते. मी विचारलं, कधीपासून?

‘‘तू जन्मायच्या आधीपासून असेल की,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्याच घरची गाय अडली होती. वार काढली हातानं. तेव्हा ह्या सुया कुठल्या? आता हाडांत मुरलाय, येतो, जातो.’’

म्हणजे ती काळी कॉफी, ते तीन शर्ट, ती छातीशी नळ्या धरून बसायची जास्तीची ऊब. वडावर चढले तेव्हाही अंगात ताप असणार. मी म्हटलं, मामा, कुणाला सांगितलं का नाही?

त्यांनी सुजल्या हाताने वही ओढली आणि पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. सगळ्या गाईंच्या वर, पहिल्या ओळीत, त्यांचं स्वतःचं नाव होतं. पुढे निळी खूण. त्याखाली त्यांच्या घरच्या गाईचं नाव, आणि मग ती कधी न संपणारी यादी.

‘‘साहेब म्हणतात, घरच्या गाईंत नसतो,’’ मामा म्हणाले. ‘‘किती आहे ते मोजायचं होतं, तंगी. मोजायला कुठून तरी सुरुवात करावी लागते की.’’

मी ते तीन शर्ट घेऊन परसात आले. दोन आईच्या ढिगात टाकले. तिसरा मी वेगळा घेतला, आणि ते आमच्याकडे होते तोवर रोज मीच धुतला.